मिरीचा गंध आणि नागरमोथ्याची हकीकत

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात, ग्रॅम्पियन्स डोंगरांच्या आसमंतात पिकणाऱ्या शिराझ द्राक्षांच्या वाइनला नुकत्याच कुटलेल्या काळ्या मिरीचा गंध इतका निःसंदिग्धपणे येतो की, जिच्यात मिरीचा एक दाणाही कधी पडला नाही तिच्यात तो उत्पन्न व्हावा कसा, हा प्रश्न तेथील जाणकारांपुढे दीर्घकाळ अनुत्तरित उभा होता.

अॅडलेडच्या ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटने हा तपास हाती घेतला, तेव्हा मिरीच्या वासाच्या द्राक्षांत आल्फा-इलँजीन नावाचे द्रव्य अधिक प्रमाणात आढळले. परंतु ते त्या गंधाचे सोबती निघाले, कर्ते नव्हे. यंत्राच्या आलेखावर जेथे काहीच उमटत नव्हते, तेथे अखेर मानवी घ्राणेंद्रियाने साक्ष दिली. अर्क वायुरूपाने एका केसासारख्या बारीक, लांब नळीतून सोडला म्हणजे त्यातील घटक एकामागून एक बाहेर पडतात. नळीच्या मुखाशी बसलेला संशोधक प्रत्येकाचा वास घेत राहतो आणि ज्या क्षणी मिरी जाणवेल तो क्षण टिपून ठेवतो.

2008 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधाने हा गंध देणाऱ्या द्रव्याची ओळख जाहीर केली. पंधरा कार्बन-अणूंचे हे कीटोन म्हणजे रोटंडोन. लिटरभर तांबड्या वाइनमध्ये ते अवघे 16 नॅनोग्रॅम असले तरी नाकाला कळते. या हिशेबाने एक ग्रॅम सव्वासहा कोटी लिटरांना पुरेल. उलटपक्षी, परीक्षकांपैकी सुमारे पंचमांशांना पाण्यात त्याचे प्रमाण लिटरला 4,000 नॅनोग्रॅमपर्यंत चढवूनही कसलाच वास आला नाही. तेव्हा एकाच प्याल्याविषयी दोन रसिकांच्या जबान्या परस्परविरुद्ध पडल्या, तरी दोघेही खरेच बोलत असतील, हे मान्य करावे लागते. मिरीचा तिखटपणा पिपरीनमुळे येतो हे पूर्वीच ठाऊक होते. पण तिच्या खास मसालेदार गंधामागे रोटंडोन आहे, याचा खुलासा शतकानुशतकांच्या मिरीव्यापारानंतर या निबंधाने प्रथमच केला.

द्रव्य मात्र नवे नव्हते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. सुख देव आणि त्यांचे सहकारी कपाडिया, नाईक व वाडिया यांनी नागरमोथ्याच्या कंदांतील सुगंधी तेलाचा अभ्यास करून 1967 सालीच त्याची नोंद केली होती. शेतकरी ज्याला लव्हाळा म्हणून शेतातून खणून फेकतो आणि जो दिवाळीच्या उटण्यात गव्हला-कचोऱ्याच्या जोडीने पडतो, तोच हा कंद. कसल्याही लाभाची अपेक्षा नसताना एका तणाच्या तेलाची इतकी काटेकोर छाननी पुण्यात झाली, आणि एकेचाळीस वर्षांनी ती दूरदेशीच्या वाइनच्या उकलीस उपयोगी पडली, याचा मला मनःपूर्वक अभिमान वाटतो.

द्राक्षात रोटंडोन सालीतच साठते, आणि तेही पक्वतेच्या उत्तरार्धात. आल्फा-ग्वायीन या पूर्वद्रव्याचे ऑक्सिडीकरण होऊन ते घडते. घडाच्या वरच्या आणि सावलीकडच्या मण्यांत ते अधिक आढळते, आणि मण्याचे तापमान 25 अंशांपलीकडे गेले की त्यास बाधा येते. नाशिककडेही शिराझ होते. पण तेथील घड पावसाळा सरताना केलेल्या फळछाटणीवर धरून बहुधा फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऊन चढू लागते तेव्हा, उतरवले जातात. त्यामुळे मिरीचा गंध ज्या बागाइतदाराला हवा असेल, त्याने दुपारचे ऊन ज्या अंगाने घडावर येते त्या अंगाची पाने विरळ करण्याची घाई करू नये.