जुनी होंडा सिटी ११ चं अ‍ॅव्हरेज देते, म्हणजे इंजिन गेलं का?

२०१० च्या आसपास घेतलेली होंडा सिटी आजही अनेकांच्या दारात उभी असते. १.५ लिटरचं पेट्रोल इंजिन, कागदावरचं अ‍ॅव्हरेज सुमारे १७. मालक मात्र म्हणतो, ‘शहरात ११ च्या वर जात नाही.’ मग कुणीतरी सल्ला देतंच, ‘विकून टाक!’

आधी कागदावरचा आकडा येतो कुठून ते बघा. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडीची चाकं रोलरवर फिरवतात. साधारण २० मिनिटं, वेग जास्तीत जास्त ताशी ९०, एसी बंद. तिथे सिंहगड रोडची कोंडी नसते.

आता तुमचा रोजचा प्रवास धरा, १२ किलोमीटर. चालत्या गाडीने १५ चं अ‍ॅव्हरेज दिलं तर ०.८ लिटर पेट्रोल लागेल. पण एसी लावून उभी असलेली अशी गाडी तासाला पाऊण ते एक लिटर जाळते. अर्धा तास सिग्नलवर गेला की आणखी ०.४ लिटर. एकूण १.२ लिटर, म्हणजे अ‍ॅव्हरेज १०. इंजिन ठणठणीत असूनही!

त्यात ई२०. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या पद्धतीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट धरली आहे. १२ देणारी गाडी यामुळे साधारण ११.२ वर येते.

म्हणून आधी नीट मोजा. टाकी फुल करा, ट्रिप मीटर शून्यावर आणा, ३००-४०० किलोमीटर चालवा आणि शक्यतो त्याच पंपावर पुन्हा फुल करा. किलोमीटर भागिले लिटर. हायवेवरही आकडा वाईट आला तरच गॅरेज गाठा. एअर फिल्टर बदलून अ‍ॅव्हरेज वाढतं हा समज कार्ब्युरेटरच्या काळातला. इंजेक्शनच्या गाडीत त्याने पिकअप सुधारतो, अ‍ॅव्हरेजमध्ये फारसा फरक पडत नाही. बिघडलेला ऑक्सिजन सेन्सर मात्र खरा चोर, तो भरपूर पेट्रोल खातो. अडकलेला ब्रेकही तसाच. प्रवासानंतर एकच चाक जास्त तापलेलं लागलं तर संशय घ्या. हवा महिन्यातून एकदा तपासा. पेट्रोलच्या पाइपला लावायचे चुंबक वगैरे घेऊ नका, पैसे वाया जातात.

आणि विकायचा हिशोब? वर्षाला १०,००० किलोमीटर, पेट्रोल १०५ रुपये. ११ ऐवजी १५ देणारी नवी गाडी घेतली तर सुमारे २४० लिटर, म्हणजे २५ हजार रुपये वाचतील. १२ लाखांच्या गाडीचा पहिल्या वर्षाचा विमाच त्यातला बराचसा खाऊन टाकेल. गाडी बदलायला दुसरी कारणं असू शकतात, जास्तीच्या एअरबॅग हे त्यातलं चांगलं कारण. पण फक्त अ‍ॅव्हरेजसाठी हप्ता लावून घेणं परवडत नाही.