लिस्बनची अट
खानदेशात फाशीचा विषय निघाला की जळगावचे नामांकित सरकारी वकील उज्ज्वल निकम यांचे नाव ओघानेच येते. परंतु त्यांनीच चालविलेल्या प्रदीप जैन खून खटल्यात २०१५ साली दोषी ठरलेल्या अबू सालेमच्या गळ्याला दोर का लागू शकत नव्हता, हे उमगण्यासाठी लिस्बनकडे पाहावे लागते. ज्या पोर्तुगालने साध्या गुन्ह्यांपुरती देहान्ताची शिक्षा १८६७ सालीच रद्द केली, आणि ज्याच्या राज्यघटनेनुसार अशा शिक्षेच्या तोंडी आरोपी देणे निषिद्ध आहे, त्या देशाकडून सालेमचा ताबा मिळविण्यासाठी उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांच्या सहीने १७ डिसेंबर २००२ रोजी हमी लिहून द्यावी लागली: फाशी नाही, पंचवीस वर्षांहून अधिक कैदही नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये तो मुंबईस आणला गेला. ही हमी म्हणजे काही सरकारची मेहेरबानी नव्हे. ज्या देशात त्या गुन्ह्यास देहान्त नाही, त्याने सोपविलेल्या फरारी आरोपीस फार तर जन्मठेप, असे आपल्याच १९६२ च्या प्रत्यार्पण कायद्याचे कलम ३४-सी सांगते. सालेमवर ज्यांचाही खटला चालला त्या १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांत घरची माणसे गमावलेल्यांना हे रुचत नाही, आणि त्यांना दोष देववत नाही. तथापि जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पंचवीस वर्षांचा तो शब्द केंद्र सरकारवर बंधनकारक ठरविला.