खेळाचे कार्ड, उसाचा फड

बारामती-इंदापूरकडची मुले खेळतात ती बहुधा मोबाईलवर. मग संगणकावरचे खेळ कालबाह्य झाले का?

पडद्यावरचे चित्र लक्षावधी ठिपक्यांचे असते. वेगवान खेळात प्रत्येक ठिपक्याचा रंग सेकंदाला ६० वेळा नव्याने ठरवावा लागतो. असे हजारो सोपे हिशेब एकाच वेळी करण्यासाठी ग्राफिक्स कार्ड घडले. हिशेब वाढले की उष्णता वाढते. खिशातला मोबाईल जेमतेम काही वॅट सोसतो. पंखे लावलेला संगणक शेकडो वॅट. कन्सोललाही पंखा असतो. पण त्यातले कार्ड बदलता येत नाही, त्याला दुसरे काम सांगणेही सहसा जमत नाही.

संगणकाला ते सांगता येते. २०१२ मध्ये टोरांटो विद्यापीठात, खेळांसाठी विकल्या जाणाऱ्या दोन कार्डांवर ‘अ‍ॅलेक्सनेट’ ही प्रणाली चित्रे ओळखायला शिकली. कृत्रिम बुद्धिमत्तेला तेथून बळ मिळाले. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने २०२४ मध्ये उसासाठी हीच विद्या हाताशी धरली.

शाळेतला जुना संगणक वीजजोड काढून उघडा आणि कार्डाची खाच मुलांना दाखवा. खेळायला मोबाईल पुरतो. यंत्राला नवे काम शिकवायचे, तर संगणकच सोयीचा.