उरलेला पैसा वाटायचा नसतो

आमच्या नामपुरात हिशेब म्हणजे कांद्याचा: लिलाव, हमाली, तोलाई आणि शेवटी हातात काय उरलं. समाजकार्याच्या पहिल्या वर्षाला एका ना-नफा संस्थेचा ताळेबंद पाहिला, तर तिथंही शिल्लक दाखवलेली! संस्थेनं पैसा उरवावा, पगारही द्यावेत. फक्त उरलेलं आपसांत वाटून न घेता कामातच घालावं, हे तेव्हा कळलं.

१८६०च्या संस्था नोंदणी कायद्यानं सात जणांना अशी संस्था नोंदवता येते. महाराष्ट्रात १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली गावातल्या देवळाचा ट्रस्ट आणि शहरातलं मोठं धर्मादाय रुग्णालय, दोघंही धर्मादाय आयुक्तांना बांधील. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण अशा रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत राखीव असतात. रेशन कार्ड किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला दाखवून तिथं खाट मागता येते.