गोळीची वाट पाण्यातून

आषाढात अलिबाग, मुरुड, श्रीवर्धनच्या खाचरांत भातलावणी सुरू झाली की माणसं दिवसदिवस चिखलात उभी असतात. उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातला लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा, जंतू पायावरच्या खरचटल्या जागेतून अंगात शिरतो. जुलै २०२१मध्ये सावित्रीच्या पुरात महाड बुडालं. अशा पुरामागं उरणाऱ्या गाळातही हाच धोका असतो. त्यावर डॉक्टर डॉक्सीसायक्लिन देतात, प्रतिबंधासाठीही आणि उपचारासाठीही. जीव वाचवणारी ही कॅप्सूल घोटभर पाण्यासोबत गिळून लगेच आडवं झालं, तर मात्र छातीत जखम करू शकते.

अन्ननलिका साधारण २५ सेंटिमीटर लांब असते. तिचे स्नायू लाटेसारखे आवळत घास खाली ढकलतात. छातीत महाधमनीची कमान तिला टेकते, तिथं वाट किंचित अरुंद होते. कॅप्सूलचं जिलेटिन ओल लागताच चिकट होतं आणि बऱ्याचदा इथंच अडतं. झोपेत लाळ कमी सुटते, गिळणंही क्वचितच होतं. मग कॅप्सूल जागच्या जागी विरघळते. डॉक्सीचं द्रावण चांगलंच आम्लधर्मी असतं. ते झेलणारं जाड श्लेष्माचं अस्तर जठराला असतं, अन्ननलिकेला नसतं. काही तासांत छातीच्या मधोमध कळ उठते, थुंकी गिळतानाही जीव कळवळतो.

लोहाच्या, पोटॅशियमच्या, वेदनाशामक आणि हाडांच्या ठिसूळपणावरच्या काही गोळ्याही अशीच इजा करतात.

डेन्मार्कमधल्या संशोधकांनी १९८२मध्ये निरोगी माणसांना बेरियमच्या गोळ्या देऊन क्ष-किरणांखाली त्यांचा प्रवास पाहिला. निष्कर्ष साधा होता: किमान १०० मिलिलिटर पाणी प्या आणि निदान दीड मिनिट उभे राहा. डॉक्सीसाठी पेलाभर पाणी आणि अर्धा तास ताठ बसणं अधिक सुरक्षित. झोपण्यापूर्वी घेण्याऐवजी ती जेवणासोबत घ्यावी.

जखम झालीच, तरी औषध बदलल्यावर ती बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत भरते. मात्र औषध मनानं सोडू नये. लेप्टो जिवावर बेततो. रक्ताची उलटी झाली किंवा पाणीही उतरेना, तर तातडीनं दवाखाना गाठावा. छातीतली कळ हृदयविकाराचीही असू शकते, हे विसरू नये.

लावणीवरून परतलेलं थकलेलं शरीर आधी अंथरूण शोधतं. म्हणून गोळी हातावर ठेवणाऱ्यानं सोबत पाण्याचा पेलाही द्यावा आणि थोडा वेळ बसवून गप्पा माराव्यात. तेवढ्यात गोळी पोटात पोचलेली असते.