एकास सत्त्याऐंशी कोकण

नळदुर्गात रेल्वे नाही आणि समुद्र तर नाहीच नाही. गाडी धरायची तर सोलापूर गाठावं लागतं. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव मार्गाचं काम सुरू झालंय, पण तोही आमच्या वेशीवरून जाणार नाही. तरीही शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात किंवा गणपतीच्या मांडवात काय ठेवायचं, असं इथल्या मुलांना विचारलं की एक उत्तर हमखास येतं: चालणारी आगगाडी, आणि ती कोकणातली. ज्याने जे पाहिलं नाही त्यालाच त्याची ओढ जास्त, असं म्हणून हे सोडून देता येईल. पण किनाऱ्यावरची छोटी रेल्वे उभारणं हे गंभीरपणे करण्याजोगं काम आहे. त्यात सुतारकाम आहे, वीज आहे, रंगकाम आहे, आणि सगळ्यात जास्त आहे ती काटछाट.

दिवाळीत किल्ला करणाऱ्या आणि गणपतीत हलते देखावे बांधणाऱ्या महाराष्ट्राला हे अवघड जाऊ नये. आपल्याकडे त्याचा नमुनाही आहे. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभं केलेलं लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी खुलं झालं. एका खोलीत अख्खं शहर, त्यातून धावणाऱ्या वाफेच्या आणि विजेच्या गाड्या, सिग्नल, फाटक, उड्डाणपूल, दिव्यांचा खेळ. त्याआधी, ऐंशीच्या दशकात, त्यांनी हलवता येणारा देखावा तयार करून लोकांना दाखवला होता. संग्रहालयाचं मूळ अशा फिरत्या प्रदर्शनात आहे, हे आपल्यासाठी महत्त्वाचं. मराठी माणसाचं छोट्या गाडीचं वेड त्याच्याही आधीचं. ग्वाल्हेरच्या जयविलास महालात शिंद्यांच्या जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी फिरते, पाहुण्यांसमोर मद्य आणि सिगार नेते. सुरई उचलली की गाडी थांबते. प्रदर्शनाची गाडी म्हणून तिच्यात शिकण्यासारखं फारसं काही नाही, पण थाट मानला पाहिजे.

जगभर सर्वांत जास्त चालणारं प्रमाण एचओ, म्हणजे १:८७. खरी वस्तू ८७ मीटरची असेल तर आपली एक मीटरची. एकदा हा आकडा हातात आला की कोकण रेल्वे मोजायला घ्यावी, आणि मग छातीत धस्स होतं. रत्नागिरी आणि निवसर यांच्यामधला पानवल नदीचा पूल ६४ मीटर उंच. तो १:८७ मध्ये सुमारे ७४ सेंटिमीटरचा होतो, म्हणजे टेबलावर ठेवला तर उभ्या माणसाच्या डोक्यापर्यंत जाईल. त्याची लांबी ४२४ मीटर, आपल्याकडे पावणेपाच मीटरच्या वर. साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा ७५ मीटर भरतो. होन्नावरचा शरावतीवरचा पूल दोन किलोमीटरच्या वर आहे, त्याला २४ मीटरची जागा हवी. आणि वळण? कोकण रेल्वे ताशी १६० किलोमीटरच्या वेगासाठी आखली, म्हणून तिथलं सर्वांत तीव्र वळणही साधारण १२५० मीटर त्रिज्येचं. त्याचे होतात १४ मीटर. आपल्याला मिळतात ६० ते ९० सेंटिमीटर.

म्हणजे जसंच्या तसं काहीच बसत नाही. गाडीसुद्धा नाही. नव्या पद्धतीचा एलएचबी डबा सुमारे २४ मीटरचा, आपल्याकडे २७ सेंटिमीटर. बावीस डब्यांची गाडी सहा मीटरची झाली, तर ती देखाव्याच्या या टोकाला शिरताना त्या टोकाने बाहेर पडत असेल. सहा डबे आणि एक इंजिन, एवढ्यावर समाधान मानायचं. पाहणाऱ्याला सहा डब्यांची गाडी लहान वाटत नाही, कारण तो डबे मोजत नाही. तो बोगद्यातून गाडी निघण्याची वाट पाहत असतो.

आता मुख्य अडचण. कोकण रेल्वेतून महाराष्ट्रातल्या टप्प्यात समुद्र जवळजवळ दिसतच नाही. रूळ किनाऱ्यापासून आत, डोंगराच्या पोटातून जातात. खिडकीतून दिसतात ते जांभ्याच्या उभ्या कापलेल्या भिंती, भातखाचरं, माडाच्या बागा, आणि मध्येच खाली लखलखणारी नदी. समुद्र दिसायचा तो मुंबईला. बॉम्बे बरोडा अँड सेंट्रल इंडिया (बी.बी.सी.आय.) रेल्वेची लाईन मरीन लाईन्स, चर्चगेट करत बॅक बेच्या काठाने कुलाब्यापर्यंत जायची. ५ जानेवारी १९२८ पासून कुलाबा ते बोरिवली विजेची गाडीही धावू लागली. ३१ डिसेंबर १९३० ला कुलाबा स्टेशन बंद झालं, आणि बॅक बेच्या भरावामुळे उरलेले रूळही समुद्रापासून दूर पडले. रूळ, मग एक भिंत, मग लाटा, असं खरोखरचं दृश्य कुणाला करायचं असेल तर त्याने कुलाबा करावं. टोकाचं स्टेशन म्हणून ते आटोपशीरही आहे.

पण मला विचाराल तर मी लाटा करूच नका असं सांगेन. कारण सोपं आहे. गाडी चालते आणि लाट थांबलेली असते. राळेत किंवा जेलमध्ये कितीही सुंदर लाट ओता, तिच्या शेजारून गाडी धडधडत गेली की लाटेचं खोटेपण उघडं पडतं. खरं पाणी वापरलं तर वेगळंच संकट. नळदुर्गच्या माणसाला हे समजवायला नको. पावसाळ्यात बोरी नदीच्या पाण्याने किल्ल्यातले नर-मादी धबधबे पडू लागले की पाणीमहालाजवळ उभं राहून आपण ते पाहतोच. तिथे पाणी फुटून धुकं होतं. घरच्या बादलीतून ओतलेलं पाणी कधीच तसं फुटत नाही, कारण पाण्याचा थेंब १:८७ होत नाही. त्याचा आकार तोच राहतो आणि आपल्या बोटभर होडीशेजारी तो भोपळ्याएवढा दिसतो. हॅम्बुर्गच्या मिनिएटूर वुंडरलँडमध्ये स्कँडिनेव्हियाच्या विभागात सुमारे ३० हजार लिटर खरं पाणी आहे, त्याला भरती-ओहोटीही येते. त्यांच्याकडे इमारत आहे, पगारी माणसं आहेत. आपल्याकडे प्लायवूड आणि उसना टेम्पो आहे.

म्हणून खाडी, आणि तीही ओहोटीची. खाडीचं पाणी मुळात संथ असतं. ओहोटीला ते मधल्या वाटेपुरतं उरतं, बाकी चिखल. चिखल हलत नाही, हे त्याचं मोठेपण. शिवाय किनारपट्टीची ओळख पटवायला लाटेपेक्षा चिखल जास्त बोलका आहे, फक्त तो नीट करायला हवा.

कसा करायचा ते सांगतो. प्लायच्या तळावर पीओपीचा पातळ थर द्या आणि ओला असतानाच ओल्या हाताने गुळगुळीत करा. मधून पाण्याची वाट नागमोडी खरवडा, तिला फाटे काढा, जसे झाडाच्या फांदीला फुटतात. वाळल्यावर करडा, तपकिरी आणि किंचित हिरवा असे तीन रंग एकमेकांत विरघळतील असे लावा. मधली वाट जवळजवळ काळपट हिरवी करा आणि तिच्यावर पारदर्शक राळेचे पातळ थर ओता, एका वेळी दोन-तीन मिलिमीटर. जाड ओतली तर तापते आणि तडकते. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तर ती हातात असतानाच घट्ट होऊ लागते, तेव्हा हे काम पहाटे करावं. चिखलावर राळ नको, फक्त वॉर्निश, आणि तेही सगळीकडे सारखं नाही. पाण्याजवळ चकचकीत, वर काठाला निस्तेज. पाणी नुकतंच ओसरलंय हे तेवढ्यानेच कळतं.

मग खाडीवरच्या पुलाचे खांब. इथे पाहणारा वाकून पाहतो, म्हणून इथे कंजुषी नको. कोकणात भरती-ओहोटीतला फरक दोन-तीन मीटरचा धरला तर खांबाच्या तळापासून तीन सेंटिमीटरपर्यंत काळपट पट्टा यायला हवा. पट्ट्याच्या वरच्या कडेला पुसट हिरवट रेघ, खाली कालवं चिकटल्यासारखा खडबडीतपणा. बारीक वाळू गोंदावर भुरभुरली की तो येतो. पट्टा सगळ्या खांबांवर एकाच उंचीला हवा, त्यासाठी पट्टी धरून आखून घ्या. एक खांब जरी वरखाली झाला तरी पाणी तिरकं वाटतं. काठाला कांदळवन करायचं तर काथ्याचे तुकडे उभे चिकटवून वर भुसा रंगवून लावा. होडी पाण्यात नको, चिखलात एका कुशीवर कललेली ठेवा. सात मीटरची होडी आठ सेंटिमीटरची होते.

माड हा दुसरा मोठा दोष. प्रदर्शनातले माड बहुतेक झुडपासारखे दिसतात. वीस मीटरचा माड १:८७ मध्ये २३ सेंटिमीटर होतो, डब्याच्या पाचपट उंच! तो तसाच करा. तारेला दोरा गुंडाळून खोड, कागदाच्या कातरलेल्या झावळ्या, आणि सगळे सरळसोट नाहीत तर काही पाण्याकडे झुकलेले. जांभ्यासाठी बाजारातला कुठलाही लाल रंग चालत नाही. पीओपीवर गेरू आणि थोडी हळद, वर काळ्या रंगाचे पातळ ओघळ. रुळाखालची खडी मात्र आपल्या गावची. खरी खडी जास्तीत जास्त ६५ मिलिमीटरची, म्हणजे आपल्याकडे पाऊण मिलिमीटर. क्रशरवरची भुकटी आणा, मैद्याच्या चाळणीने चाळा, धूळ टाकून द्या. पसरल्यावर पाण्याने पातळ केलेला फेव्हिकॉल ड्रॉपरने सोडा. त्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब असू द्या, नाहीतर पाणी खडीवर मोत्यासारखं उभं राहतं आणि खडी विस्कटते.

थर्माकोलचे डोंगर आता विसरा. २०१८ च्या बंदीनंतर सजावटीला थर्माकोल नाही. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची जाळी विणून वर पीओपीत भिजवलेलं कापड पसरलं की डोंगर हलका होतो आणि पोकळही राहतो. पोकळ हवाच, कारण त्याच्या पोटात आपली सगळी लबाडी लपवायची आहे. कोकण रेल्वेला नव्वदवर बोगदे आहेत ही आपल्यासाठी सोय. समोर गाडी सरळ किंवा हलक्या वळणाने जाते, बोगद्यात शिरते आणि डोंगराच्या आड ६० सेंटिमीटरचं तीव्र वळण घेऊन मागच्या यार्डात येते. मागे चार-पाच रूळ, प्रत्येकावर एक गाडी उभी. हे यार्ड नसेल तर प्रदर्शन दहा मिनिटांत कंटाळवाणं होतं. गणित पाहा: ताशी ५० किलोमीटरची गाडी आपल्याकडे सेकंदाला १६ सेंटिमीटर चालते, पाच मीटरचं दृश्य अर्ध्या मिनिटात संपतं. मुलं वेग वाढवायला सांगतात. वाढवू नये. गाडी हळू गेली की अंतर लांब वाटतं.

काळ निवडणं हीसुद्धा काटछाटच. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि २०२२ मध्ये तिचं विद्युतीकरण संपलं. मधली चोवीस वर्षं डिझेलची. तो काळ धरला की विजेच्या तारा आणि खांब करावे लागत नाहीत, आणि टेम्पोत सगळ्यात आधी त्याच मोडतात. शिवाय याच काळात, १९९९ मध्ये, कोलाड ते वेर्णा रो-रो सुरू झाली. भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढवून नेणारी ती गाडी पाच-सहा वाघिणींची केली तरी शोभते, आणि पुठ्ठ्याचे ट्रक शाळेतली मुलं करू शकतात.

प्रमाणाबद्दल एक खोच राहिलीच. एचओचे तयार रूळ १६.५ मिलिमीटर रुंद असतात, ते १४३५ मिलिमीटरच्या परदेशी मार्गासाठी. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे खरे तर १९ हवेत. त्यामुळे भारतीय गाडी एचओच्या रुळावर किंचित बारीक पायांची दिसते. खाडीच्या पुलावर, बाजूने पाहताना, हे कळत नाही. गंमत अशी की आपल्याच मुलखातली बार्शी लाईट रेल्वे याबाबत फार सरळ निघते. एव्हरार्ड कॅलथ्रॉपची ही ७६२ मिलिमीटरची छोटी लाईन १८९७ मध्ये कुर्डुवाडीजवळून बार्शीला गेली, पुढे येडशीवरून १९११ ला लातूरला. १:८७ मध्ये तिचे रूळ पावणेनऊ मिलिमीटरचे होतात, आणि ९ मिलिमीटरचे तयार रूळ बाजारात मिळतात. ज्याला कोकणाचा मोह नाही त्याने ती करावी. एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या टोकाला बार्शी, असं मात्र करू नका. मुलं तसं सुचवतात.

वीज १२ व्होल्टची, त्यामुळे झटक्याची भीती नाही. एकाच ठिकाणाहून वीज दिली तर दूरच्या टोकाला गाडी मरगळते, म्हणून दर मीटरला रुळाला खालून तार जोडा. उष्णतेचंही पाहा. पाच मीटर रूळ पंचवीस अंशांनी तापला तर सुमारे दोन मिलिमीटर वाढतो. सोलापूर-धाराशिवकडे जानेवारीत जोडलेले रूळ मेमध्ये कुबड काढतात ते यामुळेच, तेव्हा फटी ठेवाव्यात. जनरेटरवर थेट चालवू नका, मध्ये इन्व्हर्टर असू द्या. आणि आमच्याकडची धूळ! दर तासाला रुळांवरून स्पिरिटचा बोळा फिरवावाच लागतो.

आमच्याकडचा देवसुद्धा एका जागी राहत नाही. खंडोबाची मूर्ती दरवर्षी अणदूरहून नळदुर्गला येते आणि परत जाते, पौषातल्या यात्रेला नळदुर्गच्या मैलारपुरात माणसांची रीघ लागते. अशा गर्दीत देखावा मांडायचा असेल तर तो १२० सेंटिमीटर लांबीच्या पाटांत विभागून करावा. पाच पाट म्हणजे सहा मीटर. एक पाट दोन माणसांना उचलून दारातून तिरका न करता बाहेर काढता आला पाहिजे. पाट एकमेकांना पितळी खुंट्यांवर बसवून नट-बोल्टने आवळायचे. रूळ सांध्यावर पक्के करून मग कापायचे, आधी कापून जुळवायला जाऊ नये. पुलाचा पाट सर्वांत शेवटी जोडायचा आणि सर्वांत आधी सोडायचा. टेबल ९० सेंटिमीटर उंच, समोर हातभर अंतरावर दोरी, आणि दोरीच्या आत एक लाकडी पायरी, लहान मुलांना वर चढून खाडीच्या पातळीवरून पाहता यावं म्हणून. एक इंजिन नेहमी राखीव. दुपारी दोनच्या सुमाराला मोटर तापते, तेव्हा तिला अर्धा तास विश्रांती द्यावी आणि तेवढ्यात रो-रो काढावी.