साउथ बेंडचे ट्रॅक्टर आणि हिवाळ्यातला बर्फ

अमेरिकेच्या इंडियाना संस्थानात, मिशिगन सरोवराच्या आग्नेयेस काही मैल अंतरावर, साउथ बेंड हे शहर वसले आहे. आणि त्याच्या वाट्याला दर हिवाळ्यात जो बर्फ येतो, त्याला उत्तरेकडील थंडीइतकेच ते सरोवरही कारण असते. कॅनडाकडून येणारा कोरडा व अतिशीत वारा सरोवराच्या तुलनेने उष्ण जलपृष्ठावरून वाहू लागला, म्हणजे तो उष्णता आणि बाष्प शोषून घेत वर चढतो, आणि पैलतीरावरची भूमी लागताच तो सारा संचय हिमरूपाने तिच्यावर रिता करतो. एका गावात स्वच्छ ऊन पडले असता थोड्याच मैलांवरच्या दुसऱ्या गावात गुडघाभर बर्फ साचावा, हा प्रकार त्या मुलखात नवलाचा मानला जात नाही. ज्या शहरात स्टुडबेकर बंधूंनी १८५२ साली लोहारकामाचे व गाड्यांचे दुकान मांडले आणि जेथे जेम्स ऑलिव्हरचे बिडाचे नांगर तयार होऊन देशोदेशी गेले, त्याच शहरात एल्मर पाँड या गृहस्थाने १९४६ साली बागेच्या कामाचे लहान ट्रॅक्टर बांधण्यास प्रारंभ केला; पुढे त्याचा पुत्र सेसिल पाँड याच्या कारकीर्दीत तो कारखाना ‘व्हील हॉर्स’ या नावाने सर्वत्र प्रसिद्धीस आला.

हे ट्रॅक्टर म्हणजे केवळ हिरवळ कापण्याची बसती यंत्रे, असा जो समज आज रूढ आहे, तो त्यांच्यावर अन्याय करणारा आहे. महायुद्ध संपल्यावर शहरांच्या हद्दीबाहेर अर्धा-एक एकर जमिनीसह घरे बांधून राहणारा जो मध्यमवर्ग तेथे उदयास आला, त्याला भाजीपाल्याचा वाफा नांगरण्यासाठी, माती सारण्यासाठी, गवत कापण्यासाठी आणि हिवाळ्यात दारातला बर्फ हटविण्यासाठी एकच लहानसे पण खरे शेतीयंत्र हवे होते, आणि कारखानदारांनी ते त्याला खऱ्या ट्रॅक्टरच्याच रीतीने बांधून दिले. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ साली ‘कब कॅडेट’ काढला. जॉन डिअर कंपनीने, जिचे मोठे ट्रॅक्टर आज पुण्याजवळ सणसवाडीला तयार होतात, १९६३ साली विस्कॉन्सिनमधील होरिकॉन येथून ‘११०’ बाजारात आणला. आणि बोलेन्स व सिंप्लिसिटी हे दोन कारखाने तर त्याच विस्कॉन्सिनच्या पोर्ट वॉशिंग्टन या एका गावचे. स्वतःच्या दारातला बर्फ ज्यांना दरवर्षी उपसावा लागे, अशाच माणसांच्या देखरेखीखाली ही यंत्रे घडली, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

कामाचे स्वरूप आकड्यांत मांडले, तर त्याचा भार ध्यानी येतो. घरापासून रस्त्यापर्यंतची मोटारवाट २० मीटर लांब व ४ मीटर रुंद धरली आणि तीवर २५ सेंटिमीटर बर्फ पडला, तर तो २० घनमीटर होतो. ताज्या बर्फाच्या घनमीटरचे वजन १०० किलो धरले, तरी दोन हजार किलो वजन एका सकाळी बाजूला सारावे लागते. थंडीने रक्तवाहिन्या आकुंचित झाल्या असता एकाएकी असे श्रम केल्याने हृदयविकाराचा झटका येऊ शकतो, हे वैद्यकशास्त्राला पूर्ण अवगत आहे. त्यात भर म्हणजे अनेक शहरांच्या नियमांनुसार घरापुढची पाऊलवाट मोकळी ठेवण्याची जबाबदारी घरमालकाची; आणि नगरपालिकेचा नांगर रस्ता साफ करून गेला, की दाबून घट्ट झालेल्या बर्फाचा बांध नेमका त्याच्याच वाटेच्या तोंडाशी टाकून जातो. शिकागोत १९६७ च्या जानेवारीत एकाच वादळात २३ इंच बर्फ पडला, तेव्हा ते महानगर काही दिवस जागच्या जागी खिळून राहिले होते.

या कामात अश्वशक्तीपेक्षा पकड निर्णायक ठरते. त्या काळच्या पुष्कळ ट्रॅक्टरांवर कोलर कंपनीचे एका सिलिंडरचे, ७ ते १२ अश्वशक्तीचे इंजिन असे. समोरच्या पात्याने बर्फ ढकलण्यास तेवढे बळ पुरते, परंतु मागची चाके जागीच फिरू लागली, तर त्याच्या दुप्पट बळही व्यर्थ. जाड पोलादी सांगाडा आणि बिडाचा गिअरबॉक्स यांमुळे ही यंत्रे मुळातच जड असतात. तरीही जाणते लोक मागच्या चाकांवर बिडाची वजने चढवितात, टायरांत न गोठणारे द्रव भरतात आणि वर लोखंडी साखळ्या आवळतात. पूर्वी या कामी कॅल्शियम क्लोराइडचे पाणी वापरीत. ते वजनदार खरे, पण गळू लागले तर चाकाची कडी गंजवून टाकते, म्हणून बिटाच्या रसापासून केलेले द्रव आता अधिक पसंत केले जाते.

पाते चालविण्यातही एक दूरदृष्टी लागते. हंगामाच्या पहिल्याच हिमवृष्टीत बर्फाचे ढीग वाटेच्या कडेपासून शक्य तितके दूर रेटून ठेवावे लागतात, कारण डिसेंबरात आळसाने जवळ सोडलेला ढीग जानेवारीत दगडासारखा गोठतो आणि मग प्रत्येक वादळानिशी वाट अरुंद होत जाते. जेथे ढीग लावण्यास जागाच नाही, तेथे बर्फ उचलून दूर फेकणारा स्नो-ब्लोअर हवा. क्वेबेक प्रांतातील आर्थर सिकार याने १९२५ साली सिद्ध केलेल्या यंत्राचे हे घरगुती रूप. ट्रॅक्टरच्या इंजिनावरून पट्ट्याने फिरणारे मळसूत्री पाते बर्फ आत ओढते आणि धुराड्यासारख्या नळीतून बाहेर उडविते. ओल्या बर्फाने ती नळी तुंबते, आणि तेथेच माणसे बोटे गमावतात. इंजिन बंद केल्यावरही अडकलेल्या पात्यात ताण साठलेला असतो व अडथळा निघताच ते फिरते, म्हणून तेथे काठीच घालावी, हात कदापि घालू नये.

या यंत्रांच्या दीर्घायुष्याचे मर्म मात्र त्यांच्या दुरुस्तीत आहे. कोलरच्या त्या जुन्या इंजिनाचा सिलिंडर बिडाचा असल्यामुळे तो झिजला, तर दहा, वीस किंवा तीस हजारांश इंच बोअर वाढवून त्यात तेवढ्याच मापाचा मोठा पिस्टन बसविता येतो. ठिणगीसाठी पॉइंट आणि कंडेन्सर यांची जी साधी योजना आहे, ती आपल्याकडील जुन्या स्कूटरचे काम केलेला कोणताही कारागीर अर्ध्या तासात उमजेल. हिवाळ्यापूर्वी पातळ तेल घालणे, बॅटरी भारित ठेवणे, जुने पेट्रोल काढून कार्बोरेटर स्वच्छ करणे, एवढी तजवीज केली, तर ही इंजिने कडाक्याच्या थंडीतही सुरू होतात. त्यांचे दोषही सांगितले पाहिजेत: चालक खाली उतरताच इंजिन थांबविणारी व्यवस्था पुष्कळ जुन्या नमुन्यांत नाही, पट्टे उघडे असतात, आणि बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवल्यास कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेततो.

पुढील काळात बाजाराने स्वस्त व हलक्या यंत्रांची बाजू घेतली. पातळ पत्र्याचा सांगाडा आणि न उघडता येणारा, बिघडला की टाकून देण्याचा गिअरबॉक्स असलेली ही नवी यंत्रे गवत उत्तम कापतात. पण त्यांना पाते जोडून गोठलेल्या बांधावर घालणे म्हणजे त्यांच्याकडून न झेपणारी चाकरी घेणे होय. व्हील हॉर्सचा कारखाना १९७४ साली अमेरिकन मोटर्सकडे आणि १९८६ साली टोरोकडे गेला, आणि २००७ साली ते नावही बंद झाले. ट्रॅक्टर मात्र अजून चालत आहेत.

अमेरिकेचा १९६५ चा स्थलांतरविषयक कायदा झाल्यानंतर शिकागो, डेट्रॉइट अशा हिमप्रदेशांतील शहरांत जी मराठी कुटुंबे स्थायिक झाली, त्यांच्यात अभियंत्यांची संख्या मोठी होती, आणि त्यांची पुढील पिढी आज तेथे घरे विकत घेत आहे. त्यांपैकी कोणाच्या नव्या घराच्या शेडमध्ये असा एखादा जुना ट्रॅक्टर धूळ खात पडलेला आढळला, तर माझी त्यांना कळकळीची विनंती आहे, की तो भंगारवाल्याच्या स्वाधीन करण्यापूर्वी गिअरबॉक्सच्या तेलात पाणी शिरले आहे का ते पाहावे, इंजिन हाताने फिरते का ते तपासावे, आणि दोन्ही ठीक असल्यास त्याला एक जोडी साखळ्या आणून द्याव्यात.